सात परस खाली

विसरवाडीच्या शिवारात, नाताळाला नऊ दिवस असताना,
दुपारची भाकर नुकतीच पोटात गेली होती
आणि विहिरीची उगवती बाजू
शब्द न बोलता आमच्यावर येऊन बसली.

मुरूम. मग चिरे. मग पुन्हा मुरूम.
मग असा अंधार, की डोळे उघडे आहेत का
ते बोटानं चाचपून बघावं लागलं.

मी कपारीत. डावीकडे हातभर मातीपलीकडे
अमोस वळवी. त्याचा खोकला ऐकू येत होता.
म्हणाला, "याकूब, माझा डबा सापडला तर बघ,
बायकोचा नवा आहे."
घाबरला की तो असंच काहीतरी बोलायचा.

लहानपणी रविवारच्या शाळेत
करुणाबाईंनी फळ्यावर ढग काढला होता,
ढगातून खाली येणारा एक हात.
संकटात हाक मारा, हा येतो.
मी विचारलं, कुठपर्यंत पुरतो?
बाई म्हणाल्या, कुठपर्यंतही.
तेव्हा मला परस मोजता येत नव्हते.

हाक मारली. पाठ असलेली प्रार्थना
स्वर्ग या शब्दापाशीच अडली.
वर बघायला गेलो,
तर वर कुठल्या बाजूला तेच कळेना.

मग साधंच म्हटलं, घरच्या बोलीत,
जसं तापातलं पोर म्हणतं: बाबा, इथं ये.
आणि आठवलं, तोही दगडामागे पडून होता.
शुक्रवारची संध्याकाळ, अख्खा शनिवार.
त्याला कपारीची माहिती आहे.
त्याला ठाऊक आहे, तोंडात माती गेली
की तिला लोखंडाची चव येते.
एवढ्यानं भीती गेली नाही.
पण भीतीत मी एकटा राहिलो नाही.

केव्हातरी डावीकडचा खोकला थांबला.
मी अमोसला हाक मारली नाही.
देवाला मारत होतो, त्याला नाही मारली.
उत्तर आलं नाही तर, म्हणून.
हे मी सुवार्तालाही सांगितलेलं नाही.

खण्.
बराच वेळ काही नाही. परत खण्.
"जित्ता शे का रे, याकूब?"

देवदूत अहिराणी बोलतात
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.
साक्रीचा सुपडू, क्रेनवाला, कानबाईचे रोट खाणारा,
मजुरीवरून माझ्याशी दोनदा भांडलेला,
शेजारच्या जुन्या विहिरीत उतरून
रात्रभर आडवा खणत आला होता.
वरून नाही, बाजूनं.
बाईंच्या फळ्यावर ही बाजू नव्हतीच.
भोकातून हात आत आला, नखं फुटलेला,
मुरमानं पांढरा. मी धरला.

वर अख्खी मंडळी थंडीत जागी होती.
गोधड्या, मोबाइलचे उजेड, चहाची किटली.
सुवार्ता काही बोलली नाही,
माझे कान पदरानं पुसत राहिली.

अमोस दुपारी वर आला, ताडपत्रीत.
त्याच्या आईनं, शेवंतीबाईनं, त्याच रात्री
त्याच देवाला हाक मारली होती,
आणि तिचा आवाज माझ्या बायकोपेक्षा मोठा.

नाताळाच्या उपासनेत पाळक म्हणाले, याकूब, साक्ष दे.
उभा राहिलो. कागदी तारा पंख्याच्या वाऱ्यानं फिरत होता.
'प्रभूनं मला वाचवलं' हे वाक्य घरून तयार करून आणलं होतं.
तिसऱ्या चटईवर शेवंतीबाई. वाक्य घशातच राहिलं.
तीच बोलली शेवटी, सगळ्यांसमोर:
"तो खाली आला होता का रे?"
"होता."
"मग अमोसपाशी पण होता."
ती विचारत होती की सांगत होती
मला अजून कळलेलं नाही.
"होता," मी म्हणालो, आणि खाली बसलो.
माझी साक्ष तेवढीच.

परवा चिंचपाड्याकडे नवी विहीर धरली.
उतरायच्या आधी दोर तीनदा ओढून बघतो,
मग काठावर वाकून
खालच्या अंधाराला हाक मारतो.
सुपडू इंजिन बंद करून थांबतो.
"खाले कोन शे रे, भो?"