चार बोटं वर

नियम मला झोपेतही पाठ आहे.
पेनल्टी कॉर्नरला पाच मीटरच्या आत धावत आलेल्या मुलीला
चेंडू गुडघ्याखाली लागला, तर पुन्हा कॉर्नर.
गुडघ्याला किंवा त्याच्या वर लागला, तर फटका धोकादायक,
फ्री हिट तिच्या संघाला.
म्हणजे एकाच पायाचा
खालचा भाग आरोपी, वरचा फिर्यादी,
आणि मध्ये एवढीशी वाटी.

त्या रविवारी हार्लिंगेनला वारा समुद्राकडून होता.
मैदानावर मारलेलं पाणी
गोलाच्या बाजूला सरकून साचलं होतं.
दोन मिनिटं उरलेली, यजमान एक-शून्यने पुढे.
गोलरेषेमागे पाच जणी पेटीतून मुखवटे काढून
एकमेकींचे पट्टे मागून आवळत होत्या,
शाळेला उशीर झालेल्या बहिणी वेण्या आवळतात तशा.

पहिली धावणारी येल्त्ये. वय एकोणीस.
चेंडूचं वजन तिच्या बापाच्या शेतातल्या
मध्यम बटाट्याएवढं.
बटाटा मात्र इतक्या वेगाने कुणी कुणाकडे फेकत नाही.

रूलीनने ड्रॅग फ्लिक ओढला.
येल्त्ये तिच्या समोर, सरळ, न वळता.
मी टक् ऐकलं. नडगीच्या प्लास्टिकचा आवाज,
ओळखीचा, वीस वर्षांचा.
हात गोलाकडे केला: पुन्हा कॉर्नर.

तो दुसरा आवाज होता.
पहिला मांडीवरचा.
मांसाला आवाज नसतो.

बाउक्ये, त्यांची कॅप्टन, धावत आली,
"हेसेल, वर लागलाय तिला."
दुसरी पंच आफ्के पार त्या टोकाला,
तिने खांदे उडवले. तिला काय दिसणार?
आमच्या पातळीवर व्हिडिओ नसतो,
असते ती फक्त शिट्टी, आणि ती वाजवणाऱ्याचं तोंड.

येल्त्ये गवतावर बसली होती, बूट पुन्हा बांधत.
आधीच बांधलेला बूट.
मी विचारलं, "डॉक्टरला बोलावू?"
आम्हा दोघांनाही माहीत होतं:
डॉक्टर आत आला की तिने बाहेर जायचं,
कॉर्नरला बदली मिळत नाही,
रेषेमागे चौघीच उरणार.
"काही नाही झालं," ती म्हणाली.
"खरंच?"
"खरंच."
मला ते खरं हवं होतं, म्हणून मी ते खरं धरलं.

ती पुन्हा धावली.
अर्धं पाऊल उशिरा, डावा पाय जरा ओढत.
चेंडू तिच्या खांद्यावरून खांबाला लागून बाहेर गेला.
सामना संपला.
जिंकल्यामुळे कुणी तक्रार केली नाही.

कॅन्टीनमध्ये वाटाण्याचं सूप होतं.
तिने बर्फाची पिशवी उचलून मैत्रिणींना दाखवलं:
जांभळा गोल, आणि त्यात चेंडूचे खळगे
एकेक करून उमटलेले, मोजता येतील इतके स्वच्छ.
त्या हसत होत्या, कुणीतरी फोटो काढला.
मी टेबलाच्या या बाजूने
हवेतच हात आडवा धरून पाहिला.
गुडघ्याच्या वर चार बोटं.
तिने माझा हात पाहिला.
"सूप गार होतंय, पंच," म्हणाली.

सोमवारी मी कालव्याच्या दारावर गेलो,
माझी नोकरी पाण्याची पातळी वाचण्याची.
पट्टीवरचा आकडा वाचला, लिहिला,
शंका आली, परत वाकून वाचला.
पाणी थांबतं त्यासाठी.

सामन्याच्या अहवालात रकाने आहेत:
गोल, हिरवी कार्डं, पिवळी कार्डं.
मी तीनही भरले. शाई वाळेपर्यंत बसून राहिलो.

पुढच्या रविवारी कॉर्नरला
मी नेहमीच्या जागेपासून दोन पावलं पुढे सरकलो.
तिथून धावणारीचे गुडघे नीट दिसतात.
ओढणारीची स्टिक दिसत नाही.