दोन बोटं माया

मुहर्रकमधल्या त्या गल्लीत एकवीस शटर.
चालू चार.
माझं काम : मोजायचं.

लुलवाबाई म्हणाल्या, पाडायचं काहीच नाही,
आधी बघून ये, काय काय उभं आहे.
म्हणून सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत,
लेझर घेऊन कॅसेटच्या दुकानात शिरले.
आत एक खुर्ची, एक मांजर,
आणि बँकेचं कॅलेंडर, कुठल्याशा जुन्या मार्चवर थांबलेलं.
मग घड्याळवाल्याचं. मग ज्यूसवाल्याचं.
जिप्सम खरवडलं की मागे प्रवाळाचा दगड,
बोट लावून चाखलं तर खारट.
भराव घालघालून समुद्र कधीच लांब ढकललाय,
भिंतीला अजून कुणी कळवलेलं नाही.

अठराव्या शटरमागे दाऊद परकार, मूळचे बाणकोटचे.
शाळांचे युनिफॉर्म शिवायचे.
आता शाळा मॉलमधून घेतात,
हे मशीनला तेल घालतात, रोज.

माझं माप जुळेना.
पुढे तीन मीटर बारा, मागे तीन मीटर चार,
मधे दोन शहाण्णव.
चौथ्यांदा मोजायला लागले तेव्हा हसले :
"अगो, भिंतीला पोट आलाय.
इतकी वर्षं उभी हाय, येणारच."
आणि गळ्यातली टेप काढून
हाताहातावर माप घेत गेले,
गिऱ्हाइकाला श्वास सोडायला सांगून घेतात तसं.

मी शीट पसरली, त्यांच्याच कटिंगच्या टेबलावर.
शीटमध्ये ते टेबल नव्हतं.
तिथे कॉफीचा काउंटर होता,
आणि कॉम्प्युटरातून उचललेली माणसं,
सडपातळ, राखाडी, कपात बघणारी.
परकारांनी चष्मा लावला.
मी कुठे, असं विचारलं नाही.
"यांच्या पँटी फार घट्ट," म्हणाले.
मग निळ्या खडूने काउंटरच्या कडेला रेघ मारली :
"इथे दोन बोटं माया ठेव.
उद्या कुणाला ढिलं करायचं झालं
तर आत कापड पाहिजे."

माया.
कॉलेजात पाच वर्षं आम्ही
याला टॉलरन्स म्हणायचो.

रात्री ऑफिसात ते टेबल काढलं,
सहा फूट बाय साडेतीन, आहे तिथेच.
काउंटर आखडला.
लुलवाबाईंनी भुवई उचलली, लाल पेन नाही.

मंजुरी अजून नगरपालिकेत आहे.
शटर एकवीस. चालू चार.
काल परकारांनी माझ्याकडे
कॅसेटच्या दुकानाची किल्ली मागितली,
मांजरीला पाणी ठेवायचंय म्हणाले.