जागा

चौथी शाळा पौडच्या पुढे होती.
पहिल्या तीन आम्ही दोन गाड्यांनी पाहिल्या,
मी माझ्या, हेरंब त्याच्या,
निहार जाताना एकीत, येताना दुसरीत,
कुणावर अन्याय नको म्हणून.

माहितीपुस्तकं माझ्या सहकारनगरच्या टेबलावर
महिनाभर पडून होती.
गुळगुळीत कागद, त्यावर घोडा,
घोड्यावर हेल्मेट घातलेली मुलगी, मागे डोंगर,
डोंगराच्या पोटात एकही जेसीबी नाही.
फी शेवटच्या पानावर बारीक अक्षरात,
औषधाच्या खोक्यात दुष्परिणाम लिहितात तशी.

मी वहीत रकाने पाडले.
मुलं किती, शिक्षक किती,
रात्री डॉक्टर असतो का, पोळी गरम मिळते का,
फोन आठवड्यातून कितीदा.
हेरंबने वाकडहून तक्ता पाठवला,
त्यात माझ्यापेक्षा दोन रकाने जास्त.
'मुळात का' हा रकाना
दोघांनीही पाडला नव्हता.

लोकांना सांगायला कारणं आहेत.
शिस्त. मोकळी हवा. स्क्रीन नाही.
कोपरकरकाकू म्हणाल्या, अगं, एवढंसं पोर,
आणि मग कुकर झाला वाटतं म्हणत आत गेल्या.
शिट्टी मला काही ऐकू आली नव्हती.
खरं कारण शिवाजीनगरच्या कोर्टात
शिक्का मारून ठेवलंय:
सोम ते गुरू आई,
शुक्र ते रवी बाबा,
आणि गणिताची वही कायम
दुसऱ्या घरी.

तर चौथी शाळा. या वेळी एकाच गाडीतून,
कारण माझी सर्व्हिसिंगला होती.
दोनच जागा शिल्लक आहेत, मुख्याध्यापक म्हणाले,
फ्लॅट विकणाऱ्यासारखं नाही,
खरंच वाईट वाटल्यासारखं.

वरच्या मजल्यावर बारा कॉट.
सुट्टी होती, गाद्या गुंडाळलेल्या,
एका कॉटखाली एकच चप्पल, डाव्या पायाची.
मी कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला
कुणीतरी कर्कटकाने रेघा ओढल्या होत्या,
चार उभ्या, एक आडवी,
चार उभ्या, एक आडवी,
खालपर्यंत.
हेरंबनेही पाहिलं.
दार लावायला
दोघांचे हात एकदमच गेले.

तेवढ्यात निहारने विचारलं,
रात्री लाइट कोण बंद करतं?

वॉर्डन तडवी मॅडम हसल्या नाहीत.
मोठा मी करते, साडेनऊला.
तो कोपऱ्यातला छोटा आहे ना,
तो जो शेवटी जागा असेल, तो.

निहार कोपऱ्यात गेला.
टाचा उचलून बटणापर्यंत हात नेला,
बंद केलं, चालू केलं, बंद केलं.
हात पुरत होता.

माझ्याकडे दिवा मी मालवते,
तो झोपलाय असं धरून.
हेरंबकडे पॅसेजमधला रात्रभर जळतो.
याला आम्ही कधी विचारलंच नव्हतं.
आम्ही वहीत रकाने पाडत होतो.

ऑफिसात फॉर्म मिळाला.
'घरचा पत्ता', पुढे एकच ओळ.
हेरंबने पेन माझ्याकडे सरकवलं,
मी त्याच्याकडे.
क्लार्क बराच वेळ पंख्याकडे पाहत राहिला,
मग म्हणाला, घरी जाऊन भरा हो, घाई नाही.

परतताना भूगावपासून गाड्या तुंबलेल्या.
निहार मागे, डोकं काचेला टेकवून.
झोपलेल्याचा श्वास आम्हाला माहीत आहे,
सोंगाचाही.
चांदणी चौकात डावीकडे वाकड, उजवीकडे मी,
आणि समोर कुणीच हलत नव्हतं.
फॉर्म माझ्या मांडीवर,
जागा तशीच कोरी.
हेरंबने छताच्या दिव्याकडे हात नेला,
वाचायला म्हणून असेल.

मी मान हलवली.
त्याने हात खाली घेतला
आणि पहिला गिअर टाकला,
उगाच.