पंखा वाजतो का

कोपरखैरणे, सेक्टर सात, जिन्याखालचं दुकान.
दारात वृषाली मढवी, घणसोली गावातली,
काखेत टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप,
भावाच्या कंपनीने भंगारात काढलेला.
चिठ्ठी तिने घरूनच लिहून आणली होती:
मला ऐकू येत नाही. व्हिडिओ फाटतो.

फाटतो हा शब्द बरोबर होता.
पडद्यावर एक मुलगी हातांनी बोलत होती
आणि मनगटापाशी चित्राला चीर जात होती,
वरची बोटं आत्ताची, खालचा तळवा मघाचा.
मधली काही चित्रं तर गळूनच जात होती.
आवाज असला की चालून जातं, कान सांधून घेतात.
इथे गळलेलं प्रत्येक चित्र
म्हणजे गिळलेलं अक्षर.

टर्मिनल उघडून पाहिलं.
ग्राफिक्सचा ड्रायव्हर कामावर आलाच नव्हता,
सगळी चित्रं एकटा प्रोसेसर ओढत होता,
नव्वद अंशांवर.
कारण सापडलं बूटच्या ओळीत: नोमोडसेट.
कुणीतरी कुठल्यातरी अडल्या रात्री
तात्पुरता म्हणून घातलेला शब्द,
हाड जुळल्यावरही कापायचं राहून गेलेलं प्लास्टर.

काढला. मशीन पुन्हा सुरू केलं.
काळं.
म्हणजे यासाठीच घातला होता तर.
रबाळ्याकडून रात्री आठचा तो रसायनाचा वास आला,
समोर पोळीभाजी केंद्रात कुकरची शिट्टी झाली,
मी नकाराची मान हलवणार
एवढ्यात वृषालीने मोबाइलचा टॉर्च लावला
आणि पडद्यावर तिरका धरला.

आत होतं सगळं.
पासवर्डची चौकट, घड्याळ, तिचं नाव,
विहिरीतल्या पाण्याखालच्या पायरीसारखं.
चित्र गेलंच नव्हतं, मागचा दिवा तेवढा लागला नव्हता.
वीस वर्षं ही कामं करतो मी.
मला सुचलं नव्हतं.

मग तिने उजेड धरला, मी टाइप केलं,
वाटीएवढ्या गोलात मावतील तेवढीच अक्षरं एका वेळी.
दिव्यासाठी एक वेगळी ओळ, एक स्पेस चुकली,
पुन्हा काळं, पुन्हा टॉर्च,
आणि मग पडदा भक्कन पांढरा.

मुलगी पुन्हा बोलायला लागली.
आता बोटं तळव्याला धरून होती.
मला त्यातलं काही कळत नाही.
वृषालीने एक जागा तीनदा मागे नेली,
तिसऱ्यांदा तिचा स्वतःचा हात उठला
आणि अर्ध्यावर थांबला.
इतके दिवस ती काय समजून बसली होती,
मी विचारलं नाही. विचारता आलंही नसतं.

चिठ्ठीच्या मागे तिने लिहिलं: किती?
मी लिहिलं, दोनशे.
त्याखाली तिने: पंखा वाजतो का?
आता कमी, मी लिहिलं. आधी खूप.
जाळीवर तळवा टेकवून ती थोडा वेळ उभी राहिली.
मग कोपऱ्यात, उरलेल्या जागेत:
आई शेजारीच झोपते.
कधी बोलली नाही.