पाच वेळा

मेडिकलमध्ये, एकोणीस नंबरच्या खोलीत
पोरगेली डॉक्टरीण सांगते :
हात छातीशी बांधा, आजी,
अन् पाच वेळा उठा.

यमुना धकाते हसते.
एकाहत्तर साली रेशीमबागेच्या मैदानावर
हिच्या मांडीला तिघीजणी लटकल्या होत्या,
तरी हिने रेषा शिवली.

आता मांडी साडीत सापडत नाही.
वजन तेवढंच आहे म्हणे;
मांस गेलं, कुठं गेलं
ते काट्याला कळत नाही.

"रोज अंडं खाता?"
"मंगळवार सोडून."

डॉक्टरीण घड्याळ दाबते.
पहिल्यांदा खुर्ची सुटत नाही.
दुसऱ्यांदा ती दम भरते,
ओठांत काहीतरी पुटपुटते, भराभर, न तुटता.
"देवाचं नाव घेता काय?"

ती बोलत नाही.
उभी राहिल्यावर म्हणते,
"मधात विचारू नको वं.
दम तुटते."