गंधाला मनाई

वॉर्डाच्या दारावर चित्र आहे :
अत्तराची बाटली, तिच्यावर तांबडी तिरपी रेघ.
म्हणून माझे सगळे वास घरीच राहतात,
मोज्यांच्या खणात,
करंगळीएवढ्या नमुन्याच्या शिश्यांमधून.
सुट्टीच्या दिवशी एकेक मनगटावर घेते
आणि डायरीत लिहिते. कुणी सांगितलेलं नाही.

व्हायोलेट.
शाळेतल्या बाईंची पर्स, आत घडी मोडलेला रुमाल.
अर्धा तास आवडला. मग त्यानं गृहपाठ विचारला.

अंजीर.
फळ नाहीच, नुसता मोडलेला हिरवा देठ.
अंजिराचं झाड मी जन्मात पाहिलेलं नाही,
तरी हा खोटं बोलत नसावा.

काळ्या डबीतलं, महाग.
लिफ्टमध्ये माझ्याआधी शिरलं
आणि मी उतरल्यावरही आतच थांबलं.
परत नाही.

इथे ओउलूत फेब्रुवारीत वास मरतात.
उणे बावीसला नाकातले केस ताठ होतात,
समुद्र पांढरा, मुका, त्याला मिठाचाही वास नाही.
मग जिना चढून मफलर सोडावा
तर मागच्या हिवाळ्यातलं काहीतरी
लोकरीतून उठून बसतं, डोळे चोळत.

कामावर मला चालतं ते हातांचं मलम, बिनवासाचं.
पण बिनवासाचाही वास असतोच :
बटाटे उकडलेलं पाणी, गार झालेलं.
दिवसातून चाळीसदा हात धुवायचे
आणि चाळीसदा हे पाणी चोळायचं.

वडलांचा शाम्पू डांबराचा होता.
डांबर म्हणजे रस्त्यावरचं नव्हे,
पाइनचे बुंधे मातीखाली धुमसत ठेवून गाळलेलं,
ज्यानं पूर्वी नावा माखायचे.
शनिवारी साउनातून ते बाहेर आले की
आई उशी आपल्या बाजूला ओढून म्हणायची,
"आज पुन्हा माझ्या शेजारी होडी झोपणार."
हे डायरीत नाही.
याला किती गुण द्यायचे ते ठरत नाही.

सहा नंबरच्या खोलीत हिल्क्का, वय अठ्ठ्याऐंशी.
तिचं नाक तीन वर्षांपूर्वी गेलं.
कॉफी म्हणजे तिला आता फक्त गरम, कडू.
तरी रोज ओठांना लाली लावते,
कांडी घासून घासून एका अंगाला कलंडलेली,
आणि विचारते, "काल रात्री काय लावलंस?"
मी सांगते. ती डोळे मिटून ऐकते,
मधेच अडवते :
"गृहपाठ विचारला? मग ते व्हायोलेट नव्हे,
ती पावडर. व्हायोलेट कधी काही विचारत नाही."
मी घरी जाऊन खोडते.

परवा तिचा सदरा बदलताना म्हणाली,
"माझं लिही की.
मला कसला वास येतो, मलाच माहीत नाही."

आम्हाला शिकवलेलं उत्तर तयार असतं : छान, स्वच्छ.
ते जिभेवर आलंही.
पण हिल्क्काला फसवणं म्हणजे
व्हायोलेटला पावडर म्हणणं.

वाकले. कानामागे, केस विरळ होतात तिथे.
थांबले जरा.

"कापूर," म्हटलं. "गुडघ्याच्या मलमाचा.
मेणबत्ती विझवल्यावर उरतं तसं काही, लालीचं असेल.
नायलॉनच्या चादरीत वाळलेला घाम, थोडा.
आणि तळाशी... थांब...
कच्च्या पिठासारखं. पाव भाजायच्या आधीचं."

बराच वेळ ती छताकडे बघत राहिली.
मला वाटलं, घामाचं बोलायला नको होतं.

"पीठ," ती म्हणाली. "बरं आहे.
आणि टिकतं किती?"

ते मला माहीत नव्हतं.
मी ड्यूटी संपवली, हात धुतले, बटाट्याचं पाणी चोळलं,
बस पकडली, उतरले, जिना चढले.
मफलर सोडला.

डायरी काढून वेळ लिहिली : रात्रीचे पावणेदहा.
अजून आहे.