उंची : आपोआप

विजयानंद घडशींनी फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून आणला,
काचेसकट.
जयविजय ब्रास बँड, घोडपदेव, सन अडुसष्ट.
"वेबसाइटवर सगळ्यात वर हाच. आणि पूर्ण रुंदीत.
लग्नाची पार्टी बघेल तेव्हा आधी वडील दिसले पाहिजेत."

काच निघेना, तशीच स्कॅन केली.
कोपऱ्यात बुरशीचं एक पान उमटलं, ते राहू दिलं.
रुंदी लिहिली शंभर टक्के,
उंची तीनशे.
रात्री दीड वाजता असेच आकडे सुचतात.

सकाळी त्यांनी पुतण्याच्या मोठ्या स्क्रीनवर पाहिलं
आणि फोन केला.
"ताई, आमचे वडील सुकडे होते. दमेकरी.
अर्ध्या श्वासावर क्लॅरिनेट वाजवायचे.
त्यांना एवढे गाल कुठून आले?"

खरंच होतं.
मोठ्या ढोलाची झाली होती
लाटताना बिघडलेली पोळी.
या शहरात माझ्या मालकीची एवढीच खिडकी,
कड धरून ओढली की मोठी होणारी.
ओढली, तर सगळे सुखवस्तू,
खांद्यावरच्या झालरी आडव्या पसरलेल्या.
दाबली, तर सगळे टायफॉइडमधून उठलेले.
आणि ते बिचारे तसेच उभे,
फोटोवाल्याने सांगितल्यापासून हललेले नाहीत.

दोन्ही बाजू मीच ठरवायला गेले होते.
एक आपण ठरवावी,
दुसरी फोटोची फोटोला ठाऊक असते.
तीनशे खोडलं.
तिथे लिहिलं : आपोआप.

वडील पुन्हा सुकले.
"हां," घडशी म्हणाले, "आता खोकतील बघा."

पण मोबाइलवर तोच फोटो
काडेपेटीच्या घासायच्या पट्टीएवढा.
"मोठा करा ना. भरून टाका अख्खा."
भरला.
ताणायचं नाही आणि भरायचं, म्हणजे कापायचं.
मधले सात ठसठशीत आले, मधोमध वडील,
घडशी खूश, अर्धे पैसे लगेच पाठवले.

मीच मग रात्री बघत बसले.
गालांवर उजेड होता,
क्लॅरिनेटच्या चाव्यांवर उजेड होता,
डावीकडून आणि उजवीकडून,
आणि उजेड कशाचा, ते कुठेच नव्हतं.
पूर्ण फोटो उघडला.
दोन्ही टोकांना दोन माणसं,
डोक्यावर पेटलेल्या गॅसबत्त्या.
गणवेश नाही. एकाची बंडी फाटकी.
खाली सुंदर अक्षरात नावं : चौदा.
माणसं मोजली : सोळा.

घडशींना विचारलं, हे दोघे कोण?
"बत्तीवाले. रोजावर यायचे.
नाव कोण विचारतंय."
मग बराच वेळ फोनवर नुसता
कुणाचा तरी सराव ऐकू येत होता, ट्रंपेटचा, चुकत चुकत.
"कापलेत काय त्यांना?"
हो.
"वरात पुढे कशी जाणार?"

तेव्हा फोटो अख्खा ठेवला,
काही ताणलं नाही, काही कापलं नाही.
उरलेल्या जागेला वर-खाली काळा रंग दिला.
मला वाटलं, तक्रार येईल, एवढी जागा फुकट का घालवली म्हणून,
इथे बोटभर गॅलरीसुद्धा बंद करून खोलीत घेतात.
आली नाही.
म्हणाले, "रात्रच होती ती."

उरलेले पैसे अजून यायचेत.
परवा एकदा सहज
खिडकी दाबत नेली, आणखी अरुंद होईना तोवर.
चौदा जण पिनांएवढे झाले,
वडील कुठले ते मलाही सांगता येईना.
डावीकडची बत्ती मात्र ठिपका होऊन राहिली होती.
मोजला तो ठिपका :
रुंदी चार, उंची सहा.
उभट.
बत्ती उभटच असते.